पाहणारे बोट आणि न कळणारे पाऊल

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातील गोष्ट. अल खौदमध्ये राहणाऱ्यांना जुलै म्हणजे काय ते सांगायला नको. दुपारी गाडीचे दार उघडायचे तर आपण आधी रुमाल शोधतो. शुक्रवारची सुट्टी होती. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढत नव्हते म्हणून मी वर गेलो. घाईत चपला खालीच राहिल्या. दहा-बारा मिनिटांचे काम. खाली आलो, जेवलो आणि झोपलो.

संध्याकाळी चहाच्या वेळी सौ. म्हणाली, "अहो, फरशीवर हे ओलं कसलं उमटलंय?" पाहिले तर माझ्याच उजव्या पावलाचे ठसे! तळव्यावर रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. दुखत नव्हते, त्यामुळे मी अगदी निर्धास्त होतो. "वाडीत अनवाणी हिंडलेले पाय आहेत, यांना काय होतंय!" असे म्हणून मी हळद लावायला सांगितली आणि विषय संपवला. चौथ्या दिवशी पाय सुजला, तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

मला मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली आहेत. डॉक्टरांनी आधी साखर विचारली, मग मला डोळे मिटायला सांगितले. "पायाला काही लागल्यासारखं वाटलं की 'हो' म्हणा." मी डोळे मिटून बसलो. एक मिनिट गेले, दोन गेली. डॉक्टर काहीतरी शोधत असतील असे समजून मी म्हटले, "डॉक्टर, सुरू करा की." सौ.चा आवाज आला, "अहो, ते केव्हाचे लावताहेत."

वाचकहो, त्या क्षणी मला जे वाटले ते मी अजून विसरलेलो नाही. आपल्या शरीराचा एक भाग आपल्याला न सांगता रजेवर गेला आहे आणि आपण मात्र त्याच्यावर उभे राहून नोकरी करतो आहोत!

मुलाने आणलेले बोट

जखम भरायला सात आठवडे लागले. त्याच सुमारास मुलगा पुण्याहून सुट्टीला आला. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने आपला प्रोजेक्ट बुटाच्या खोक्यात भरून आणला होता. माझा पाय स्टुलावर होता, म्हणून खोके माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावरच उघडले गेले. आत काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी एक डबी होती. तिच्या एका तोंडाला राखाडी रंगाचा मऊ रबराचा तुकडा आणि दुसऱ्या बाजूने संगणकाला जाणारी वायर. "बाबा, हे रोबोचं बोट," तो म्हणाला.

त्याने माझ्या पाकिटातून पन्नास बैसाचे नाणे घेतले आणि त्या रबरावर हलकेच दाबले. संगणकाच्या पडद्यावर नाण्यावरची खंजर आणि दोन तलवारी अशा उठून दिसू लागल्या की जणू कोणी डोंगरात कोरल्या आहेत. मग त्याने ५०० रुपयांची नोट दाबली. आंधळ्या व्यक्तींना नोट ओळखता यावी म्हणून तिच्या कडेला पाच उठावाच्या रेषा असतात. आपल्या बोटाला त्या जेमतेम जाणवतात. पडद्यावर त्या शेताच्या बांधासारख्या दिसत होत्या.

मी विचारले, "याला एवढं बारीक कळतं कसं?"

"कळत नाही बाबा. याला स्पर्श नाहीच. आत कॅमेरा आहे. हे फक्त बघतं."

आतून पाहण्याची युक्ती

युक्ती ऐकायला सोपी आहे. पारदर्शक, जेलीसारख्या मऊ रबराचा एक थर घ्यायचा. त्याच्या बाहेरच्या बाजूला धातूच्या पुडीचा पातळ लेप द्यायचा, म्हणजे बाहेरचा उजेड आत येत नाही. मागून तीन बाजूंनी लाल, हिरवे आणि निळे असे तीन दिवे लावायचे आणि मधोमध छोटा कॅमेरा बसवायचा. कोणतीही वस्तू दाबली की रबर तिच्या आकाराप्रमाणे आत दबते. त्या दबलेल्या पृष्ठभागाचा जो उतार लाल दिव्याकडे असेल तो लाल दिसतो, जो निळ्याकडे असेल तो निळा. रंगांवरून संगणक प्रत्येक बिंदूचा उतार काढतो आणि उतारांवरून उंची. रबरावर काळे ठिपके छापले तर ते सरकताना पाहून वस्तू हातातून निसटते आहे हेही समजते. वस्तूचा खरा रंग कोणताही असो, लेप एकच असल्याने फरक पडत नाही. काच असो की काळे नाणे, कॅमेऱ्याला फक्त आकार दिसतो.

ही कल्पना अमेरिकेतील एमआयटी संस्थेचे प्रा. एडवर्ड एडलसन यांची. त्यांचा विषय खरे तर दृष्टीचा. आपल्या लहान मुलांचे निरीक्षण करताना त्यांच्या लक्षात आले की मुले जग जितके डोळ्यांनी पाहतात तितकेच बोटांनी चाचपतात. मग बोटाचे काम कॅमेऱ्याकडून करून घ्यावे असे त्यांनी ठरवले. मायका जॉन्सन यांच्यासह त्यांनी २००९ साली ही पद्धत मांडली. तिचे नाव 'जेलसाइट'. २०११ पर्यंत त्यात इतकी सुधारणा झाली की २० डॉलरच्या नोटेवरच्या शाईचा उठावही तिला टिपता येऊ लागला. २०१४ मध्ये असे बोट लावलेल्या रोबोने लोंबकळती यूएसबी वायर पकडून तिचे टोक खाचेत बरोबर बसवले. आपल्याला हे किरकोळ वाटेल, पण नुसत्या डोळ्यावर अवलंबून असणाऱ्या यंत्राला ते फार अवघड आहे. पकडताना स्वतःचा हातच आड येतो. अंधारात आपण उशाशी काडेपेटी शोधतो, किंवा आई हापूस पिकला की नाही हे देठाजवळ हलके दाबून सांगते, तिथे डोळ्याचा उपयोग नसतो.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे २००९ मध्येच 'टॅकटिप' नावाचे दुसरे बोट तयार झाले. त्याच्या मऊ कातडीच्या आत बारीक खुंट्या असतात आणि त्या कशा कलतात हे कॅमेरा पाहतो. आपल्या बोटाच्या कातडीखालीही असेच सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांचीच ती नक्कल. पुढे २०२० मध्ये फेसबुक कंपनीच्या संशोधकांनी 'डिजिट' हे छोटे बोट बनवून त्याचा आराखडा सर्वांना खुला केला. एक हजार नग बनवले तर एकाला सुमारे १५ डॉलर खर्च येईल असा त्यांचा हिशेब होता. हे स्वस्त झाले ते मोबाईलमुळे. कोट्यवधी फोनसाठी कॅमेरे बनू लागले आणि ते चण्या-फुटाण्यांच्या भावात मिळू लागले. माझ्या मुलासारख्या विद्यार्थ्याला वसतिगृहाच्या खोलीत रबर ओतून बोट बनवता आले ते त्यामुळेच.

डॉक्टरी कामातही याचा विचार चालू आहे. मऊ रबरात दडवलेल्या कठीण गाठी अशा बोटाला शोधता येतात का, याचा प्रयोग २०१३ मध्ये एमआयटीत झाला आणि गाठी सापडल्या. स्तनातील गाठ डॉक्टर बोटांनी चाचपून पाहतात, तीच कला यंत्राला शिकवण्याचा तो आरंभ होता.

"मग माझ्या बुटात बसव की!"

हे सर्व ऐकून मी अर्थातच म्हणालो, "मग असलं एक माझ्या बुटात बसव की!"

मुलगा हसला, पण त्याने उत्तर नीट दिले. कॅमेऱ्याला दिसायला अंतर लागते, म्हणून डबी जाड होते. ती बुटाच्या तळात मावत नाही. साठ-सत्तर किलोंचा माणूस हजारो पावले चालला तर लेप घासून जातो. रोबोच्या बोटाचे रबरही झिजते आणि बदलावे लागते. आपल्या कातडीची बरोबरी कोण करणार? एका तळहातात स्पर्श ओळखणारे सुमारे सतरा हजार मज्जातंतू असतात आणि कातडी झिजली तर आपली आपण भरून येते. स्पर्श आणि उष्णता पेशींना कशी कळते याचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणजे ज्या गोष्टीकडे मी चौदा वर्षे दुर्लक्ष केले, ती समजायलासुद्धा नोबेलच्या तोलाची बुद्धी लागली!

पायाला मात्र कॅमेरा लावला गेला आहे आणि तोही आपल्या देशात. चेन्नईच्या आयआयटीत प्रा. के. एम. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास एक यंत्र विकसित केले. जाड काचेची पाटी, तिच्या कडांतून सोडलेला उजेड, वर पातळ आवरण आणि खाली आरसा व कॅमेरा. माणूस पाटीवर उभा राहिला की जिथे दाब जास्त तिथे उजेड जास्त दिसतो. त्या चित्रावरून तळव्याचा कोणता भाग जास्त भार सोसतो ते कळते. कुष्ठरोगी आणि मधुमेही यांच्या पावलांचा अभ्यास त्यांनी अशा यंत्रांनी केला.

कुष्ठरोग आणि मधुमेह ही जोडी वाचून दचकू नका. आपण महाराष्ट्रातील माणसे, वरोऱ्याजवळ १९४९ साली बाबा आमटे यांनी सुरू केलेले आनंदवन आपल्याला माहीत आहे. झडलेली बोटे पाहून लोकांना वाटे की रोगानेच मांस सडते. वेल्लोरला १९४६ पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटे जातात ती मुख्यतः वेदना न कळल्यामुळे. तापलेले भांडे हातात राहते, खिळा टोचलेला कळत नाही. काही रुग्णांची बोटे रात्रीतून कमी होत. पाळत ठेवली तेव्हा समजले की उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्याला जाग येत नव्हती. मधुमेहातही पायाचे मज्जातंतू मंदावले की परिणाम तोच. सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून बधिरपणा बहुधा तिथूनच सुरू होतो.

याच डॉ. ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत दाब मोजणारे हातमोजे बनवून कृत्रिम वेदना देण्याचा प्रयत्न केला. दाब वाढला की इशारा मिळे. पण काम आटपायची घाई असली की माणसे तो इशारा बंद करून टाकत! अखेर तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. मला हे वाचून स्वतःचीच आठवण झाली. फोड दिसल्यावरही हळद लावून विषय बंद करणारा मीच होतो. यंत्र पाहील, सांगील. ऐकायचे काम आपले.

घरचा कॅमेरा

तेव्हा मुलाच्या बोटाने मला एक साधी गोष्ट शिकवली. स्पर्श नसेल तर त्याचे काम डोळ्याला करता येते, पण त्यासाठी रोज आणि नेमाने पाहावे लागते. रोबोचा कॅमेरा सेकंदाला कित्येक वेळा पाहतो. आपण दिवसातून एकदा तरी पाहावे.

आधी स्पर्श शाबूत आहे का ते घरीच तपासता येते. ही तपासणी इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी रूढ केली. ज्याची तपासणी आहे त्याने मोजे काढून, पाय वर घेऊन डोळे मिटावेत. दुसऱ्याने आपल्या बोटाच्या टोकाने एक-दोन सेकंद फक्त हलका स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये, चोळू नये. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवे मधले बोट, डावे मधले बोट. कळले की 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचे. न कळल्यास त्याच बोटाला पुन्हा लावायचे नाही. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही तर लवकर डॉक्टरांना दाखवावे. डॉक्टर नायलॉनच्या तंतूने नेमका १० ग्रॅमचा दाब देऊन खात्री करतात. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा ही तपासणी मागून घ्यावी. साखरेचा कागद सगळे दाखवतात, पायातला बूट कोणी काढत नाही.

आमच्या घरचे नियम आता असे आहेत:

१) रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळवे आरशात पाहायचे. ज्यांना वाकता येत नाही किंवा नजर कमी आहे त्यांनी घरच्यांकडून पाहून घ्यावे. फोड, भेग, लाली, सूज, बोटांच्या बेचक्यातील ओल यांकडे लक्ष द्यावे.

२) घरातसुद्धा अनवाणी चालायचे नाही. गच्ची, अंगण आणि समुद्रकाठची वाळू तर उन्हाळ्यात वर्ज्यच. देवळात जायचे ते सकाळी लवकर आणि पायात मोजे घालून.

३) बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवायचा. एकदा माझ्या बुटात नातवंडाच्या खेळण्याचा नव्हे, माझ्याच पेनाच्या टोपणाचा तुकडा निघाला!

४) अंघोळीचे पाणी पायाने नाही, कोपराने पाहायचे. गरम पाण्याची पिशवी पायाला लावायची नाही.

५) भोवरी ब्लेडने कापायची नाही, औषधी पट्टीही लावायची नाही. नखे सरळ कापायची.

६) जखम दिसली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टर. दुखत नाही म्हणून थांबायचे नाही. न दुखणे हेच तर दुखणे आहे.

सुट्टीत नागपूरकडे जाणाऱ्यांना डॉ. शरद पेंडसे यांचे नाव ठाऊक असेल. मधुमेही पावलावर त्यांनी आयुष्यभर काम केले आहे. 'स्टेप बाय स्टेप' या उपक्रमातून भारत आणि टांझानियातील डॉक्टरांना व परिचारिकांना मधुमेही पावलांची निगा शिकवली गेली. महागडी यंत्रे नसलेल्या ठिकाणीसुद्धा नुसत्या लक्ष देण्याने पाय वाचवता येतात, हा त्यामागचा विश्वास.

थोडे हिशेबाचे

मी पेशाने हिशेबनीस, तेव्हा खर्चाचे न लिहून कसे चालेल? आरसा एकदाच घ्यावा लागतो. चिघळलेली जखम मात्र आठवड्यामागून आठवडे पट्ट्या, औषधे आणि रजा खाते. शस्त्रक्रियेपर्यंत गेली तर आखातातील नोकरीच धोक्यात येते, आणि नोकरी सुटली की कंपनीचा आरोग्य विमाही सुटतो. मग साठीला आलेला, मधुमेह असलेला माणूस भारतात परततो आणि विमा शोधू लागतो.

म्हणून माझे सांगणे असे की परतण्याचा विचार तीन वर्षे आधी करा. भारतातील नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनी काही काळ थांबायला लावू शकते. १ एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर, म्हणजे ३६ महिन्यांवर आली आहे. आपण इथे असतानाच पॉलिसी घेतली आणि खंड न पाडता चालू ठेवली तर गावी पोचेपर्यंत ती मुदत सरलेली असते. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर सिद्ध झालेली फसवणूक सोडता कंपनीला जुनी माहिती उकरून दावा नाकारता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही लागत नाही.

मात्र अर्जात मधुमेह लपवू नका. पायाचा बधिरपणाही लिहा. इथले सर्व रिपोर्ट एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवा. हप्ता थोडा वाढेल, पण दावा नाकारला जाण्यापेक्षा ते बरे. पॉलिसी घेताना मुदत आणि अटी छापील कागदावर वाचून घ्याव्यात, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

मुलगा सप्टेंबरमध्ये पुण्याला परत गेला. जाताना बोट बरोबर घेऊन गेला. विमानतळावर डबी तपासताना अधिकाऱ्याने "हे काय?" असे विचारले, तेव्हा त्याला ते समजावून सांगताना चिरंजीवांची चांगलीच तारांबळ उडाली म्हणे!

माझा पाय आता बरा आहे. संवेदना परत आलेली नाही आणि ती पूर्वीसारखी येईलच असे डॉक्टरही म्हणत नाहीत. रोज रात्री साडेदहाला सौ. चष्मा लावते आणि म्हणते, "आणा इकडे पाय." सुरुवातीला मला संकोच वाटे. बायकोपुढे पाय काय करायचे, आमच्या पिढीला हे जरा जडच जाते. आता सवय झाली आहे. तिचेही पाय मी पाहतो, कारण गेल्या महिन्यात तिचीही साखर सीमेवर निघाली.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला याल तेव्हा एक करा. घरातून निघण्यापूर्वी, मोजे घालण्याच्या आधी, एकमेकांची सहा बोटे तपासून या. दोन मिनिटांचे काम आहे. आणि गच्चीवर जायचे झाले तर चपला घालून जा.